दुय्यम विषय म्हणून गणित: तिरुवल्लिकेणीतील दोन उदाहरणे

पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थी ज्या विषयात पदवी संपादन करतो तो त्याचा मुख्य विषय होय. त्याच्या जोडीने ठरावीक श्रेयांकांपुरता अभ्यासल्या जाणाऱ्या दुसऱ्या विषयास दुय्यम विषय किंवा 'मायनर' असे म्हटले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा श्रेयांक आराखडा प्रसिद्ध केला आणि हा शब्द देशभरातील महाविद्यालयांत रूढ झाला. महाराष्ट्रातही २०२३ च्या शासन निर्णयांनंतर ही रचना टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. त्यामुळे भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र किंवा जीवशास्त्र मुख्य विषय असलेल्या विद्यार्थ्यांपुढे दुय्यम विषय म्हणून गणित घ्यावे काय, हा प्रश्न उभा राहतो.

मुख्य विषयाला दुसऱ्या विषयाची जोड देण्याची कल्पना भारतात नवी नाही. मुंबई आणि मद्रास ही दोन्ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. मद्रास विद्यापीठात मुख्य विषयाबरोबर जोडविषय शिकवण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली असून तेथे तो 'अलाइड' या नावाने ओळखला जाई. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणित आणि गणिताच्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्र जोडविषय म्हणून घ्यावे, असा तेथील परिपाठ होता. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाला तमिळनाडू सरकारने विरोध केला; तथापि दुसऱ्या विषयाची जोड त्या राज्याला परिचितच होती.

तिरुवल्लिकेणी आणि शिक्षणसंस्था

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा पार्थसारथी मंदिरासाठी प्रसिद्ध असलेला जुना भाग होय. इंग्रजी अमदानीत त्याचे नाव ट्रिप्लिकेन असे झाले. या भागाला लागूनच चेपॉक येथे मद्रास विद्यापीठ आणि मरीना किनाऱ्यासमोर प्रेसिडेन्सी कॉलेज आहे. हे महाविद्यालय १८४० मध्ये सुरू झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या परिसराशी संबंध आलेल्या दोन व्यक्तींची उदाहरणे दुय्यम विषयाचे महत्त्व समजून घेण्यास उपयुक्त ठरतात. एकाला गणिताशिवाय दुसरा विषय पेलला नाही. दुसऱ्याने मुख्य विषय भौतिकशास्त्र ठेवून गणिताची साथ सोडली नाही.

एकच विषय: श्रीनिवास रामानुजन

श्रीनिवास रामानुजन यांना कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली होती. गणितात मग्न राहिल्याने इतर विषयांकडे त्यांचे दुर्लक्ष झाले आणि ती शिष्यवृत्ती गेली. १९०६ मध्ये त्यांनी मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या वेळच्या एफ. ए. परीक्षेत गणिताबरोबर इंग्रजी, शरीरक्रियाशास्त्र आदी विषयांत उत्तीर्ण होणे सक्तीचे होते. रामानुजन दोनदा या परीक्षेस बसले आणि दोन्ही वेळा अनुत्तीर्ण झाले. पदवीचा मार्ग तेथेच बंद झाला.

पुढे त्यांना आधार मिळाला तो गणितज्ञांच्या वर्तुळातून. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ग्रंथालय असलेल्या भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात १९११ मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. परिषदेचे पदाधिकारी आणि नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांनी काही काळ त्यांचा खर्च चालवला. मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून होते. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने पदवी नसतानाही त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. त्यानंतर त्यांचे बिऱ्हाड तिरुवल्लिकेणीतील हनुमंतरायन कोविल मार्गालगत आले आणि मार्च १९१४ मध्ये येथूनच ते इंग्लंडला गेले.

या शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाला प्रचलित नियम बाजूला ठेवावे लागले. अनेक विषयांत सारखेच यश मागणाऱ्या परीक्षापद्धतीत एका विषयात असामान्य असलेल्या विद्यार्थ्याला जागा नव्हती, हे त्यावरून स्पष्ट होते. मुख्य व दुय्यम विषयांच्या रचनेत या अडचणीवर अंशतः तोडगा आहे. दोन्ही विषयांना वेगवेगळा भार दिला जातो आणि निवडीचा मोठा भाग विद्यार्थ्याकडे राहतो.

जोडीला गणित: सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर

खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे शालेय शिक्षण तिरुवल्लिकेणीतील हिंदू हायस्कूलमध्ये झाले. १९२५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. रामानुजन यांचा आदर्श डोळ्यांसमोर असल्याने त्यांची ओढ गणिताच्या ऑनर्स अभ्यासक्रमाकडे होती. मुलाने भौतिकशास्त्र घ्यावे, अशी वडिलांची इच्छा होती. चंद्रशेखर यांनी भौतिकशास्त्रात प्रवेश घेतला. मात्र गणित विभागातील व्याख्यानांनाही ते बसत असत. कागदोपत्री गणित हा त्यांचा मुख्य विषय नव्हता. तरीही त्यांच्या पुढील कामाचा पाया त्यातूनच घातला गेला.

१९२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले असता त्यांच्याकडून चंद्रशेखर यांना नव्या पुंजयामिकीची माहिती मिळाली. त्या सिद्धांतासाठी लागणारे गणित अवगत असल्याने पदवी मिळण्यापूर्वीच, १९२९ मध्ये, त्यांचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये इंग्लंडकडे जाणाऱ्या जहाजावर त्यांनी श्वेतबटू ताऱ्यांच्या रचनेत सापेक्षतावादाचा विचार करून आकडेमोड केली. श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. सूर्याच्या सुमारे १.४ पट असलेली ही मर्यादा आज चंद्रशेखर मर्यादा म्हणून ओळखली जाते. १९८३ मध्ये त्यांना विल्यम फाउलर यांच्यासमवेत भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हार्डी यांच्या विनंतीवरून चंद्रशेखर यांनी १९३६ मध्ये मद्रासला जाऊन रामानुजन यांच्या पत्नी जानकी अम्माळ यांच्याकडून रामानुजन यांचे पारपत्रावरील छायाचित्र मिळवले होते. रामानुजन यांची सर्वपरिचित मुद्रा याच छायाचित्रातील आहे.

आजची रचना

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक आवश्यक आहेत. त्यांपैकी किमान ६० मुख्य विषयाचे आणि २४ दुय्यम विषयाचे असतात. चार वर्षांच्या पदवीसाठी एकूण १६० श्रेयांकांपैकी दुय्यम विषयाला ३२ श्रेयांक दिलेले आहेत. राज्य आणि विद्यापीठानुसार या आकड्यांत फरक पडतो. तासिकांच्या अभ्यासक्रमात एक श्रेयांक म्हणजे सत्रातील १५ तासांचे अध्यापन असल्याने २४ श्रेयांक म्हणजे सुमारे ३६० तास होतात. शिवाय गणिताला घरी सोडवण्याच्या उदाहरणांसाठी जवळपास तेवढाच वेळ द्यावा लागतो, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

गणितात एक पायरी दुसरीवर आधारलेली असते. कलन आल्याशिवाय विकलक समीकरणे समजत नाहीत. म्हणून सोपी वाटतील ती सुटी प्रश्नपत्रे गोळा करण्यापेक्षा सलग क्रम निवडणे हिताचे ठरते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यास कलन, रेषीय बीजगणित आणि विकलक समीकरणे उपयोगी पडतात. अर्थशास्त्रासाठी रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि महत्तम-लघुतम मूल्यांचे गणित महत्त्वाचे आहे. संगणकशास्त्रात तर्क, आलेख सिद्धांत आणि संख्याशास्त्राच्या बरोबरीने अंकसिद्धांतही लागतो, कारण संदेशांच्या गुप्ततेच्या अनेक पद्धती मूळ संख्यांवर आधारलेल्या आहेत. जीवशास्त्रात रोगांच्या फैलावाचे आणि प्राणिसंख्येच्या वाढीचे प्रारूप मांडताना विकलक समीकरणे व संभाव्यता यांची मदत होते.

२०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात विद्यार्थ्याला मुख्य किंवा दुय्यम अशा कोणत्याही विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याची मुभा ठेवण्यात आली आहे. तथापि प्रत्यक्ष प्रवेशाच्या अटी प्रत्येक विद्यापीठ ठरवते आणि काही ठिकाणी गणिताचे किमान श्रेयांक विचारले जातात. त्यामुळे गणितात पुढे शिकण्याचा विचार असलेल्या विद्यार्थ्याने इच्छित विद्यापीठाची अट दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच पाहून त्यानुसार प्रश्नपत्रे निवडणे योग्य ठरेल. तिसऱ्या वर्षी ही उणीव भरून काढण्यास पुरेशी सत्रे उरत नाहीत.