एका जन्माचे दोन दिवस

जुन्नरच्या मुलांना पडणारा एक प्रश्न अगदी रास्त आहे: शिवजयंती दोनदा का? एकदा १९ फेब्रुवारीला, पुन्हा फाल्गुन वद्य तृतीयेला. शिवनेरीवर जन्म तर एकदाच झाला. ‘एक तारखेने, एक तिथीने’ एवढं सांगून मोठी माणसं मोकळी होतात. पण खरी गंमत तिथून पुढे आहे, कारण या उत्तरातला शब्द न् शब्द निराळ्या वाटेने मराठीत आला आहे.

‘तारीख’ अरबी. तिचं अनेकवचन ‘तवारीख’, म्हणजे इतिहास. ‘तिथी’ संस्कृत आणि चंद्राच्या चालीवर बेतलेली, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात ती दरवर्षी जागा बदलते. आणि ‘जयंती’चा मूळ अर्थ जिंकणारी! श्रावण वद्य अष्टमीला रोहिणी नक्षत्र असेल, तर कृष्णजन्माच्या त्या रात्रीला ‘जयंती’ म्हणत. पुढे ते नाव इतर देवांच्या आणि मग थोर माणसांच्या जन्मदिवसालाही लागलं. चौकस मुलांना आणखी एक सांगावं. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च येतो.

तिथींना घरात हाका मारायची नावं आहेत. प्रतिपदेचा पाडवा, द्वितीयेची बीज, तृतीयेची तीज, अमावास्येची अवस. त्यामुळे भाऊबिजेचा बियाण्याशी काही संबंध नाही. ‘अमा’ म्हणजे एकत्र, ‘वस्’ म्हणजे राहणे. सूर्य आणि चंद्र एकत्र मुक्कामाला असतात ती अमावास्या. जुन्नर-आंबेगावात बैलपोळा भाद्रपदातल्या अवसेला, विदर्भात श्रावणातल्या. तिकडच्या मावसभावाचे बैल महिनाभर आधीच सजून मिरवून आलेले असतात.

मला सगळ्यांत आवडतो तो ‘सण’. संस्कृत ‘क्षण’, प्राकृत ‘छण’, मराठी ‘सण’. क्षणाला संस्कृतात निमिषाखेरीज फुरसत आणि उत्सव हेही अर्थ आहेत. हातातलं काम थांबलं, की झाला उत्सव! शेतकऱ्याच्या घरी पोळ्याला बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, तेव्हा हा जुना अर्थ जसाच्या तसा समोर उभा राहतो.

आता मुलांचं आवडतं कोडं. दिवस सात, मग ‘आठवडा’ का? या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत, दोन्ही बाजारदिवस धरून बोटांवर मोजा, आठ भरतात. फ्रेंच लोकही बोलताना आठवड्याला ‘आठ दिवस’च म्हणतात.

फेब्रुवारीत या भागात दिवसांची रांगच लागते. १९ला शिवजयंती, २७ला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, लगेच २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाचा शोध १९२८ साली याच तारखेला लागला. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, एकेक ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, आणि विज्ञान दिनाला ती पाहायला शाळाच्या शाळा लोटतात. ‘दुर्बीण’ फारसी: दूर आणि बीन, लांबचं पाहणारी. डोळा लावायचा कुठे, असं एखादं मूल विचारतंच. या दुर्बिणीला तशी जागाच नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते.

जमल्यास मुलांना नाणेघाटातही न्यावं. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. यज्ञात दिलेल्या गायी, हत्ती आणि नाणी त्यात अंकांनी नोंदवली आहेत. शून्य नाही, दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. दगड झिजलाय, तरी ‘दखिना दिना’ हे शब्द तिथे आहेत. हा ‘दिना’ दिवस नव्हे. दक्षिणा दिली, असं ते वाक्य सांगतं. जुन्या मराठीतलं ‘दिन्हला’ आणि आपलं रोजचं ‘दिला’ याच कुळातलं.