हल्दीरामची नागपूर शाखा

१४. येथे ‘हल्दीराम’ म्हणजे नागपूरचे घराणे समजावे. दिल्ली आणि कोलकाता येथील शाखांचा कारभार दीर्घकाळ स्वतंत्र होता. मूळ पुरुष गंगाबिशन अग्रवाल, घरचे नाव हल्दीराम. बिकानेरमध्ये मटकीच्या पिठाची बारीक, कुरकुरीत भुजिया करून त्यांनी नाव कमावले. कंपनी आपला आरंभ १९३७ पासून धरते. पुढे मुलगा रामेश्वरलाल यांनी कोलकाता सांभाळले. नातवांपैकी शिवकिसन १९७० च्या सुमारास नागपुरात स्थिरावले, मनोहरलाल यांनी १९८० च्या दशकात दिल्लीत जम बसवला आणि शिवरतन यांनी बिकानेरात ‘बिकाजी’ उभे केले.

नागपुरात नुसत्या भुजियेवर भागणार नव्हते. शिवकिसन यांनी काजूकतलीची गोडी लावली, नमकीनला उपाहारगृहाची जोड दिली आणि विदर्भाच्या संत्र्याला बर्फीत मानाचे स्थान दिले. आज नागपूरहून परगावी निघालेल्या माणसाच्या पिशवीत संत्राबर्फीचा डबा असतोच. बाहेरून आलेल्या कुटुंबाने गावाच्या पिकाला असा मान द्यावा, ही त्याच्या यशातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

दिल्ली व नागपूर शाखांच्या पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या व्यवसायाच्या एकत्रीकरणास भारतीय स्पर्धा आयोगाने २०२३ मध्ये मान्यता दिली. एकत्रित कंपनीत दिल्लीचा वाटा ५६ टक्के, नागपूरचा ४४ टक्के ठरला. २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकने तीत भागीदारी घेतली. — संपा.