८ जून १८०९ : टॉमस पेन यांचे निधन

राजेशाही म्हणजे ईश्वरी इच्छा, ही समजूत बाजारातल्या भाषेत मोडून काढणारे लेखक टॉमस पेन यांचे या दिवशी न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. जन्म इंग्लंडमधील थेटफर्डचा. वडील कॉर्सेट शिवत. मुलगाही तेच शिकला. अबकारी खात्यातली नोकरी गेल्यावर बेंजामिन फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र घेऊन १७७४ मध्ये ते अमेरिकेला गेले. जानेवारी १७७६ मध्ये त्यांची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निनावी निघाली. ब्रिटनपासून वेगळे व्हा, एवढेच तिचे म्हणणे. पण ते कारागिरालाही कळेल असे मांडलेले.

पेन यांचा खरा ग्रंथ मात्र ‘राइट्स ऑफ मॅन’ (१७९१-९२). हक्क जन्मासोबत येतात, सरकार ते बहाल करत नाही. गेलेल्या पिढीने हयात पिढीचे हात बांधू नयेत, असे त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीचे टीकाकार एडमंड बर्क यांना बजावले. म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावी, हेही त्यातच आहे! ब्रिटनने खटला भरला. फ्रान्सने लोकप्रतिनिधी केले. पण राजा सोळाव्या लुईला ठार मारू नका म्हणणारे पेन पुढे पॅरिसच्या तुरुंगात पडले.

‘राइट्स ऑफ मॅन’ पुण्यात विशीतल्या जोतीराव फुले यांनी वाचले. जन्मसिद्ध हक्कांचा विचार त्यांच्या मनात ठसला; पुढे १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली.

पेन यांच्या अंत्यविधीला मोजकीच माणसे होती. दहा वर्षांनी इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेट यांनी स्मारकासाठी त्यांच्या अस्थी उकरून इंग्लंडला नेल्या. स्मारक झाले नाही, आणि अस्थीही पुढे हरवल्या.