बाकी किती?

तुम्ही बडोद्याच्या स्टेशनाबाहेर येता तेव्हा खिशातला फोन बंद पडलेला असतो आणि समोर टांगे उभे असतात. साल १९०८, जानेवारीचे पहिले दिवस. सुरतेच्या काँग्रेसमध्ये जोडा उडाला, खुर्च्या मोडल्या, मवाळ आणि जहाल फुटले, त्याला फार दिवस झालेले नाहीत. टांगेवाला त्याच विषयावर बोलत असतो. वाक्य गुजरातीत सुरू होतं आणि मराठीत संपतं. तुम्ही ‘दांडिया बाजार’ म्हणता आणि चढून बसता.

गावात एकच चर्चा आहे: अरविंदबाबू आलेत. सयाजीरावांच्या नोकरीत तेरा वर्षं काढलेले, बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवलेले घोष. १९०६ साली बडोदं सोडून ते कलकत्त्याला गेले. आता पस्तिसाव्या वर्षी जहालांचे पुढारी होऊन परतलेत. त्यांना मात्र एका मराठी योग्याला भेटायचं आहे. विष्णु भास्कर लेले त्यांचं नाव. खासेराव जाधवांच्या घरी दोघांची गाठ पडते आणि तिथून मंडळी सरदार मजुमदारांच्या वाड्यात जातात. तुम्हीही मागोमाग निघता.

जिना चढून तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर पोचता. खोली लहान आहे. दोघं बसलेत आणि तुमच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. लेल्यांची सूचना साधी आहे: विचार करू नका, मनाकडे फक्त पाहा. विचार बाहेरून येताना दिसतील. आत शिरण्याआधीच त्यांना परतवा.

तुम्हीही कोपऱ्यात बसून करून पाहता. फोनचा विचार येतो, परतवता. परतीच्या गाडीचा येतो, तोही परतवता. मग गुडघा दुखतो, भूक लागते, घरचे काय म्हणतील असं वाटतं. किती झाले म्हणून मोजू लागता आणि लक्षात येतं, हे मोजणंही विचारच आहे. सगळ्यांना दाराबाहेर काढलं, हिशेबनीस मात्र आतच राहिला.

अनंताशी आपली गाठ नेहमी या हिशेबनिसामार्फतच पडते. त्याला अनंत म्हणजे फार मोठी रक्कम वाटते. एकावर शंभर शून्यं, मग हजार, मग आणखी. पण रक्कम कितीही फुगवली तरी तिच्यात एक मिळवता येतो, म्हणजे वाट संपतच नाही. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘बीजगणिता’त दुसरं टोक धरलं. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी ‘खहर’ म्हटलं आणि सांगितलं की तिच्यात कितीही मिळवा, कितीही काढा, ती बदलत नाही. सृष्टी निघाली आणि पुन्हा सामावली तरी अच्युत बदलत नाही, तशी. आजचं गणित शून्याने भागू देत नाही, पण ही खूण त्याने मोडीत काढलेली नाही. एक, दोन, तीन या न संपणाऱ्या रांगेतून सगळे विषम आकडे काढून टाका. एकाची जोडी दोनाशी लावा, दोनाची चाराशी, तिनाची सहाशी. कुणालाही जोडीदार कमी पडत नाही. अर्धे काढूनही बाकी तेवढीच.

तुम्ही या खोलीत बसलेले असताना जर्मनीतल्या हाले गावी गणितज्ञ गेऑर्ग कँटर हयात आहेत. १८९१ साली त्यांनी दाखवलं की सगळे अनंतही सारखे नसतात. न संपणाऱ्या दशांशांची हवी तेवढी लांब यादी करा. पहिल्या संख्येचा पहिला अंक बदला, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. बदललेल्या अंकांची नवी संख्या त्या यादीत कुठेच नसते. यादी अनंत, तरीही अपुरी.

इकडे तीन दिवस सरतात. खरं तर एका दिवसातच मन शांत झालं, असं अरविंदबाबू पुढे लिहितील: विचार बाहेरून येताना स्पष्ट दिसले, ते परतवले, आणि मग जग सिनेमाच्या पोकळ चित्रांसारखं भासू लागलं, खरं उरलं ते निराकार, अमर्याद ब्रह्म. गंमत अशी की हे लेल्यांना अपेक्षितच नव्हतं. ते भक्तिमार्गी होते.

हे अनंत आणि कँटरांचं अनंत एकच, असं म्हणायचा मोह इथे आवरावा लागतो. काढत जायची रीत सारखी दिसते, पण कँटर सिद्धता देतात आणि वाड्यातला माणूस साक्ष देतो.

आता एक उडी मुंबईला, १९ जानेवारीला. अरविंदबाबूंना नॅशनल युनियनच्या सभेत बोलायचं आहे आणि मनात एकही विचार नाही. लेले सांगतात, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. तुम्ही गर्दीतून पाहता: नमस्कार होतो, क्षणभर काहीच घडत नाही, मग भाषण सुरू होतं आणि चांगलं रंगतं. पुढे नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर. मे महिन्यात कलकत्त्यात अटक. इतकं खर्ची पडूनही ती शांतता कित्येक महिने जशीच्या तशी राहिली, असं त्यांनी लिहिलंय. भास्कराचार्यांची खूण पटावी असंच हे, पण ते तपासायचं साधन तुमच्यापाशी नाही. कँटरांची यादी मात्र घरी जाऊन कागद-पेन्सिल घेऊन आजच करून पाहता येईल.