नटाचे कागद कुणाचे?

चारकोपच्या श्रोत्यांपुढे नटनट्यांच्या कागदपत्रांवर बोलायचं ठरलं, तेव्हा एकाने आम्हाला विचारलं, 'सर, हा विषय पुण्याचा नाही का? इथे काय आहे?' म्हणून सुरुवात इथूनच करू. या सभागृहातून निघून मालाड पश्चिमेला गेलात, तर 'बॉम्बे टॉकीज कंपाउंड' लागतं. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो नेतो. आज तिथे छोटे कारखाने आणि गाळे आहेत. 1934 साली तिथे हिमांशू राय यांनी भागभांडवल उभारून, संचालक मंडळ नेमून एक रीतसर कंपनी काढली. तिथल्या नटांना महिन्याचा पगार असे. पुढे तिच्यातलीच काही मंडळी फुटून 1943 मध्ये गोरेगावला फिल्मिस्तान निघालं. म्हणजे आपल्या या उपनगरांचा इतिहास शेतीवाडी आणि मिठागरांवरून एकदम म्हाडावर उडी मारत नाही. मध्ये सिनेमा आहे.

हे राय मुळात नट. कायदा शिकायला लंडनला गेले आणि रंगभूमीकडे वळले. 'लाइट ऑफ एशिया' या 1925च्या मूकपटात बुद्ध झाले होते ते हेच. 1940च्या मे महिन्यात ते गेले. आता प्रश्न असा, की त्यांच्या आणि त्यांच्या स्टुडिओच्या कागदांचं काय झालं? 2017 साली त्यातला मोठा ऐवज लोकांसमोर आला: छायाचित्रं, पटकथा, जाहिराती, पत्रं. कुठे आला? मेलबर्नला! तिथल्या ऑस्ट्रेलियन सेंटर फॉर द मूव्हिंग इमेज या संस्थेने प्रदर्शन भरवलं. राय यांच्या आधीच्या जर्मन संसारातल्या मुलीचं कुटुंब ऑस्ट्रेलियात आहे. त्या घराने हे जपलं म्हणून ते आपल्याला दिसलं. त्याच वर्षी डिसेंबरात पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात याच स्टुडिओचे जर्मन कॅमेरामन योझेफ विर्शिंग यांची छायाचित्रं लागली. तीही घरच्यांनीच सांभाळलेली. मालाडचा इतिहास पाहायचा तर मालाड सोडून सगळीकडे जावं लागतं, असा हा प्रकार आहे.

देविका राणींचं आणखी वेगळं झालं. 1945 मध्ये त्यांनी स्टुडिओ सोडला, चित्रकार स्वेतोस्लाव रोरिख यांच्याशी लग्न केलं आणि पुढे दोघं बंगळूरजवळ तातागुणीच्या इस्टेटीवर राहिली. 1993 मध्ये ते गेले, 1994 मध्ये त्या. मागे मूल नाही. मग इस्टेटीवरून वाद, सरकारने कायदा करून ती ताब्यात घेणं, आणि खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. निकाल लागला 2011 मध्ये. सतरा वर्षं! जमिनीला वकील मिळतो हो, पत्रांच्या गठ्ठ्याला कोण मिळणार? तरी देविका राणी पत्रं जपून ठेवणाऱ्या होत्या. म्हणूनच किश्वर देसाईंना 2020 साली त्या पत्रांच्या आधारे त्यांचं चरित्र लिहिता आलं, आणि तोवर नुसत्या कुजबुजीवर चाललेल्या कथेला पहिल्यांदा पुरावा मिळाला.

आता आपल्या मराठी माणसांकडे येऊ. देविका राणींच्या जागी त्या स्टुडिओत नायिका म्हणून आल्या त्या लीला चिटणीस. 'कंगन' 1939चा, 'बंधन' 1940चा. त्याआधी त्या नाट्यमन्वंतरच्या रंगमंचावर होत्या. स्नेहप्रभा प्रधानही तिथे 'पुनर्मिलन'मध्ये चमकल्या. दोघींनी आत्मचरित्रं लिहिली, 'चंदेरी दुनियेत' आणि 'स्नेहांकिता'. दुर्गाबाई खोट्यांनी लिहिलं, हंसा वाडकरांनी सांगितलं, गणपतराव बोडसांनी लिहिलं, चिंतामणराव कोल्हटकरांनी लिहिलं, डॉ. लागूंनी 'लमाण' लिहिलं. नटांच्या आत्मचरित्रांत मराठी इतकी श्रीमंत भाषा देशात क्वचित असेल. आणि आमचं म्हणणं असं, की या श्रीमंतीनेच आपला घात केला. पुस्तक निघालं, आता कागद कशाला, असं आपण धरून चाललो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथे थोडं पाल्हाळ लागणार, सोसून घ्या. आठवण आणि पुरावा या दोन वेगळ्या जाती आहेत. 'चंदेरी दुनियेत' 1981चं. म्हणजे सत्तरीच्या आसपासची बाई तिशीतल्या बाईबद्दल सांगते आहे. ती खोटं बोलते असं मुळीच नाही. पण गोष्टीचा शेवट काय झाला हे तिला ठाऊक आहे. 1939 सालच्या कराराच्या कागदाला ते ठाऊक नसतं. पगार किती, बाहेर काम करायची मुभा आहे की नाही, आजारपणात पैसे कापणार का, हे त्याने त्या दिवशी लिहून ठेवलं आणि तो गप्प बसला. मार्क ब्लॉक नावाचा फ्रेंच इतिहासकार म्हणे की इच्छा नसताना साक्ष देणारा साक्षीदार जास्त कामाचा. धोब्याचा हिशेब, दौऱ्याचं वेळापत्रक, थकलेल्या नाइटच्या पैशांसाठी कंपनीला लिहिलेलं तिसरं स्मरणपत्र, हे सगळे असे साक्षीदार.

शांता आपट्यांचं घ्या. 1939 साली त्या पुण्यात प्रभातच्या फाटकावर उपोषणाला बसल्या. कशावरून? तर करारावरून. आजही ही गोष्ट आपण 'मानी नटी'ची आख्यायिका म्हणून सांगतो. करार आणि पत्रव्यवहार पुढ्यात ठेवून सांगितली, तर ती नोकरदार स्त्रीच्या हक्कांची गोष्ट होईल, आणि गिरणीतल्या संपांच्या शेजारी बसेल. बालगंधर्वांच्या कर्जाचंही तेच. अत्तरांच्या आणि शालूंच्या दंतकथा आपल्याला पाठ आहेत. तिकीटविक्री किती, व्याज किती, बिऱ्हाडाचा खर्च किती, हे कोण विचारतो?

ज्यांनी कागद जपले तिथे काय घडतं तेही बघा. 'सखाराम बाइंडर' 1972चं. सेन्सॉर मंडळाशी भांडण झालं, मुंबई उच्च न्यायालयात कमलाकर सारंगांनी ते जिंकलं. सारंग नट आणि दिग्दर्शक, पण कागद सोडणारे नव्हेत. त्यांनी 'बाइंडरचे दिवस' लिहिलं, त्यामुळे ती लढाई नाटकवाल्यांच्या बाजूने समजते. नाहीतर आपल्या हाती फक्त सरकारी फाईल उरली असती. आणि फाईलमध्ये नेहमी साहेबच शहाणा असतो.

विलायतेत 2013 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने व्हिव्हियन ली यांची पत्रं, रोजनिश्या, खुणा केलेल्या संहिता त्यांच्या नातवंडांकडून विकत घेतल्या. बाई जन्मल्या होत्या दार्जिलिंगला. आपल्याकडे पैसे देऊन नटाची रोजनिशी घ्यायची म्हटलं तर हसतील. पण राजवाड्यांनाही लोक हसलेच असतील ना? वाड्यावाड्यांतून दप्तरं गोळा करत ते हिंडले आणि 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. मोडी कागदासाठी जी आच त्यांनी दाखवली, ती नाटकवाल्यांच्या ट्रंकेसाठी आपण का दाखवू नये, हे आम्हाला कळत नाही.

पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे फिल्मांबरोबर पोस्टर, स्थिरचित्रं, गाण्यांच्या पुस्तिका, संहिताही ठेवतात. नाटकाच्या बाबतीत कोलकात्याच्या नाट्यशोध संस्थानाने 1981 पासून हे काम खाजगी जिद्दीने केलं. अनेक नाटक कंपन्या पाहिलेल्या, घरोघर नाट्यवेड असलेल्या महाराष्ट्रात त्या तोडीचं सरकारी घर कधीच उभं राहायला हवं होतं.

आता चारकोपचं. 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे छोटे छोटे भूखंड पाडले, लोकांनी सोसायट्या करून बैठी घरं बांधली. त्यांत नाटकात छोट्या भूमिका करणारे आले, पडद्यामागचे आले, कामगार रंगभूमीवरचे आले. माळ्यावर ट्रंक गेली. आता त्याच घरांचा पुनर्विकास चाललाय. भाड्याच्या घरात जाताना माणूस पहिलं काय टाकतो? रद्दी. नटाची नक्कल, म्हणजे त्याच्या एकट्याच्या भाषणांची हाताने उतरवलेली वही, रद्दीवाल्याच्या तराजूत शाळेच्या वहीइतकीच भरते. शिवाय आपण खाडीच्या काठाला. दमट हवा, कसर, वाळवी.

म्हणून कामाचं सांगतो. ट्रंक उघडली की विषयवार लावायला बसू नका. कागद ज्या क्रमाने ठेवलेत तो क्रमही माहिती आहे, आधी त्याचे फोटो काढा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. सेलोटेप लावू नका, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, ते कागदाला कायमचं कोंडतं. फोटोच्या पाठीवर पेन्सिलने नावं लिहा. हे काम आजच करा, कारण मागच्या रांगेतला तिसरा माणूस कोण हे सांगणारी आत्या आज आहे. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. साध्या वहीत यादी करा: किती पत्रं, कोणाची, कोणत्या सालापासून.

खाजगी पत्रांचं काय, असं घरचे विचारतात, आणि तो प्रश्न रास्त आहे. प्रेमपत्रं असतील, उसनवारी असेल, दारूची बिलं असतील. जाळू नका. संस्थेला देताना लिहून द्या की हा गठ्ठा अमुक वर्षं उघडायचा नाही. जगभर तसं करतात. आणि एक कायद्याची बाब ध्यानात ठेवा: तुमच्या वडिलांना आलेलं पत्र कागद म्हणून तुमचं, पण त्यातला मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. तेव्हा जपायला कुणाची परवानगी लागत नाही, छापायला लागते.

आमचा वेळ संपलाय, संयोजक घड्याळ दाखवताहेत. ज्यांच्या घरी अशी ट्रंक किंवा पेटी आहे त्यांनी प्रश्नोत्तरांनंतर थोडं थांबावं. यादी कशी करायची त्याचा एक नमुना आम्ही हाताने लिहून आणलाय, त्याच्या वीस प्रती आहेत. कमी पडल्या तर कोपऱ्यावर झेरॉक्स आहेच.