जुन्या स्कूबा रेग्युलेटरची दुरुस्ती व पुनर्वापर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोधाची तारीख, शोधकाचे नाव आणि पेटंट यांना जेवढे महत्त्व मिळते, तेवढे दुरुस्तीच्या परंपरेला मिळत नाही. वस्तुतः यंत्र शोधामुळे जन्माला येते, परंतु दुरुस्तीमुळे टिकते. स्कूबा रेग्युलेटर हे याचे बोलके उदाहरण होय. सिलिंडरमधील उच्च दाबाची हवा पाणबुड्याला श्वासागणिक, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने पुरविणारे हे उपकरण आहे. अनेक दशके अडगळीत पडून राहिलेले असे रेग्युलेटर दुरुस्त करून पुन्हा पाण्यात नेण्याची प्रथा युरोप-अमेरिकेतील हौशी पाणबुड्यांमध्ये रुजली आहे. या दुरुस्तीत चूक राहिल्यास माणसाचा जीव जाऊ शकतो आणि दुरुस्ती अविचाराने केल्यास इतिहासाचा पुरावा नष्ट होतो. या दुहेरी जोखमीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१) रेग्युलेटरच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेणे.
२) दीर्घ साठवणीमुळे होणारी हानी व दुरुस्तीची पद्धती समजून घेणे.
३) पुनर्वापर आणि जतन यांतील परस्परसंबंध तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

मागणीनुसार हवा देणाऱ्या झडपेची कल्पना विसाव्या शतकातील नव्हे. फ्रान्समधील खाण-अभियंता बेन्वा रुकेरोल व नौदल अधिकारी ऑग्युस्त देनेरुझ यांनी १८६० च्या दशकात असे उपकरण पाणबुड्यांसाठी तयार केले होते. तथापि, हलक्या व उच्च दाब सहन करणाऱ्या सिलिंडरअभावी पाणबुड्याला मुक्त संचार शक्य झाला नाही.

दुसऱ्या महायुद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे फ्रान्समध्ये मोटारी गॅसवर चालविण्याचे प्रयत्न झाले. त्यासाठी अभियंता एमिल गान्यां यांनी बनविलेल्या झडपेतून नौदल अधिकारी जाक-इव्ह कुस्तो यांच्या सहकार्याने १९४३ मध्ये ‘ॲक्वा-लंग’ साकारले. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत पाणबुडा उभा राहताच हवा वाहून जाई आणि डोके खाली करताच श्वास जड होई. उच्छ्‌वासाची वाट व हवा देणारा पडदा वेगवेगळ्या पातळीवर असल्याने त्यांच्यावरील पाण्याच्या दाबात फरक पडत होता. दोन्ही शेजारी आणताच हा दोष दूर झाला. दुहेरी नळीच्या रेग्युलेटरमध्ये उच्छ्‌वासाची हवा दुसऱ्या नळीने पुन्हा पाठीमागे का नेली जाते, याचे उत्तर या प्रसंगात सापडते.

पुढे १९५२ मध्ये मेलबर्न येथील टेड एल्ड्रेड यांनी एकेरी नळीचे ‘पॉर्पॉइज’ बाजारात आणले. त्यात दाब दोन टप्प्यांत कमी होई व दुसरा टप्पा तोंडाजवळ असे. याउलट १९५५ चे फ्रेंच ‘मिस्त्राल’ दुहेरी नळीचे, परंतु एकाच टप्प्याचे होते. १९७० च्या दशकापर्यंत एकेरी नळीची पद्धत सर्वत्र रूढ झाली व दुहेरी नळीची यंत्रे अडगळीत गेली.

साठवणीतील हानी :

वापराने यंत्र झिजते, पण न वापरल्याने ते सुरक्षित राहते हा समज येथे खोटा ठरतो. रबरी नळ्या व पडदे हवेतील ऑक्सिजन आणि ओझोनमुळे कडक होऊन तडकतात. ही तड नळीच्या घड्यांत दडलेली असते व नळी ताणल्यावरच दिसते. ओ-रिंग दाबलेल्या आकारातच चपट्या होतात. दुसऱ्या टप्प्याची झडप साठवणीतही स्प्रिंगच्या जोराने मऊ सीटवर टेकलेली असल्याने सीटवर गोल खाच पडते. आत राहिलेल्या खाऱ्या ओलाव्याने पितळेवर हिरवट थर चढतो व सिलिंडरकडील गाळणी चोंदते. पितळी अंग मात्र बहुधा शाबूत राहते. पुनर्वापराची शक्यता यावरच आधारलेली आहे.

दुरुस्तीची पद्धती :

प्रथम सर्व भाग सुटे करून त्यांची नोंद केली जाते. पितळी भांडी चिंचेने उजळविण्याची रीत मराठी घरांना परिचित आहे. येथेही तत्त्व तेच असून सौम्य व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्ल वापरले जाते. मात्र आम्लात भाग अधिक वेळ राहिल्यास क्रोमचा मुलामा उखडतो. त्यानंतर भाग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवितात. ओ-रिंग, सीट व पडदे वरकरणी चांगले दिसले तरी बदलले जातात आणि योग्य ग्रीस लावले जाते. ऑक्सिजनचे प्रमाण वाढविलेल्या वायूसाठी सामान्य सिलिकॉन ग्रीस चालत नाही, कारण त्यामुळे आगीचा धोका संभवतो.

जोडणीनंतरची चाचणी निर्णायक असते. दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये मधला दाब सामान्यतः ८ ते १० बारच्या आसपास असतो. तो स्थिर राहतो की हळूहळू चढतो हे मापकावर पाहिले जाते. चढत असल्यास उच्च दाबाची सीट गळते असे समजावे. उच्छ्‌वासाच्या झडपा व मुखनळीतील एकमार्गी झडपाही तपासणे अगत्याचे असते, कारण त्या निकामी झाल्यास पाणी आत येते किंवा सोडलेलीच हवा पुन्हा श्वासात जाते. चकाकणारे यंत्र म्हणजे सुरक्षित यंत्र नव्हे, हा या कलेचा पहिला धडा आहे.

पुनर्वापर आणि जतन :

जुन्या यंत्रांपुढे दोन अडचणी आहेत. पहिली, उत्पादकांनी सुटे भाग देणे थांबविले. ही उणीव हौशी कारागिरांनी सिलिकॉनचे नवे पडदे व झडपा बनवून काही अंशी भरून काढली. दुसरी, अनेक जुन्या रेग्युलेटरना दाबमापक किंवा सोबत्यासाठीची पर्यायी हवा जोडण्याची सोय नाही. त्या काळचे पाणबुडे सिलिंडरच्या राखीव झडपेवर विसंबत. आज तेच यंत्र वापरणे म्हणजे जुनी जोखीमही पत्करणे होय.

इतिहासाच्या दृष्टीने अधिक गंभीर प्रश्न निराळा आहे. काढून टाकलेला मूळ पडदा, झिजलेली सीट आणि कुणी केलेली जुनी डागडुजी हे वापराचे पुरावे असतात. ते कचऱ्यात गेल्यास उरते ते केवळ चालणारे यंत्र. त्यामुळे बदललेले भाग नोंदीसह जपून ठेवणे आवश्यक ठरते. तसेच, एखाद्या नमुन्याचा एकमेव नग हाती असल्यास तो पाण्यात न नेता जतन करणेच उचित होय.

निष्कर्ष :

१) जुन्या रेग्युलेटरचा धातू टिकतो, रबर टिकत नाही. पुनर्वापराचे यश बदलता येणाऱ्या भागांवर अवलंबून असते.
२) जाणकार दुरुस्ती व मापकाने केलेली चाचणी यांविना पुनर्वापर करणे धोक्याचे आहे.
३) दुरुस्ती ही इतिहासाची शत्रू नाही. नोंद न ठेवता केलेली दुरुस्ती मात्र तशी ठरते.

द्वारकेच्या समुद्रातील पुरातत्त्वीय शोधकार्य १९८० च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केले. अशा शोधांत पाण्याखालून वर आलेल्या वस्तूंची आपण काळजीपूर्वक नोंद करतो. ज्या उपकरणांच्या आधारे माणूस तेथवर पोहोचला, त्यांनाही त्याच आस्थेने नोंदवहीत स्थान मिळणे अगत्याचे आहे.