भूमीचा उपकार व उपद्रव
जुन्या रेडिओमागून निघून खिडकीबाहेर ओल्या जमिनींत पुरलेली तांब्याची तार पुष्कळ वाचकांस आठवत असेल. त्या तारेची वंशावळ मोठी आहे. १८३८ सालीं स्टाइनहाइल नांवाचा म्युनिकचा शास्त्रज्ञ न्यूरेंबर्ग-फ्यूर्थ लोहमार्गाचे दोन रूळच तारायंत्राच्या तारांऐवजीं वापरून पाहत होता. प्रवाह पुढें न जातां एका रुळांतून दुसऱ्यांत जमिनींतूनच निसटूं लागला. प्रयोग फसला, पण त्यानें ताडलें कीं, जमीन जर इतकी सहज वाट देते, तर परतीची तार हवी कशाला? दोन्हीं टोंकांस धातूचे पत्रे पुरले कीं एका तारेंत काम भागतें. तारेचा अर्धा खर्च भूमातेनें सोसला.

परंतु जमिनींत सोडलेला प्रवाह आपण आंखून दिलेल्या वाटेनेंच जाईल असें नाहीं. ओल, क्षार व धातूचे नळ सांपडतील तिकडे तो पसरतो. म्हणूनच नाजूक यंत्र भूमीशीं शक्यतों एकाच जागीं जोडावें. दोन जागीं जोडलें तर हा भटका प्रवाह यंत्रांतूनच वाट काढूं लागतो.

या खोडीचा त्रास पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेणाऱ्यांस फार झाला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४६ पासून चुंबकसूचीच्या हालचालींची नोंद होत होती. ही सूची एरवीं दिवसभरांत अंशाच्या कांहीं कलांइतकीच हलते. तेवढ्यावरच सारें शास्त्र उभें. आणि आतां शहरांतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालणार असें ठरलें! विजेच्या ट्रामचा प्रवाह वरच्या तारेनें येतो व रुळांवाटे परततो. रूळ जमिनींत बसविलेले, तेव्हां त्याचा कांहीं भाग मातींत भटकणारच.

ट्राम थांबवितां येत नव्हती. वेधशाळा हलवितां येत होती. संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. इमारतीस लोखंडाचा स्पर्श नको म्हणून दगड पोरबंदरचा आणला, बिजागऱ्याखिळे तांब्यापितळेचे केले. मला मात्र त्यांची दुसरी सावधगिरी अधिक मोलाची वाटते. जागा बदलली कीं जुने आंकडे नव्यांशीं जुळत नाहींत. साठ वर्षांची मालिका तुटण्याचा धोका होता. म्हणून १९०४ ते १९०६ या काळांत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले, दोहोंतील अंतर निश्चित केलें, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय वेध थांबविले. १९०७ च्या मे महिन्यांत विजेची ट्राम धांवली. लंडनजवळील क्यू वेधशाळेसहि याच कारणानें आपलें चुंबकीय काम दूर स्कॉटलंडांत एस्कडेलम्यूर येथें न्यावें लागलें.

मुंबईची ट्राम १९६४ सालीं बंद पडली. अलिबागची नोंद अद्याप चालू आहे.